चित्रपट्टीतले जुने पाहुणे



मागच्या पालकसभेच्या दिवशी आमच्या जिन्याजवळच्या भित्तिपत्रकासमोर एक लहानसा प्रसंग घडला. त्यावरून हा लेख लिहावासा वाटला.

इयत्ता नववीतल्या एका विद्यार्थ्याने भित्तिपत्रकासाठी तीन चौकटींची चित्रपट्टी काढली होती. पहिल्या चौकटीत स्वयंपाकघरातला नळ गळतो आहे. दुसरीत वडील पान्याने तो आवळायला जातात आणि जमत नाही म्हणून घाम पुसतात. तिसरीत आई म्हणते, "आता बोलवा गुंड्याभाऊंना!" झाले, चित्रपट्टी संपली. वर्गातल्या मुलांनी ती वाचली आणि ती पुढच्या कवितेकडे वळली. कोणी हसले नाही. चित्रकार बिचारा कोपऱ्यात उभा राहून सगळ्यांचे चेहरे पाहत होता.

इतक्यात एक आजीबाई तिथे आल्या. चष्मा वर करून त्यांनी तिसरी चौकट वाचली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. त्या याच मुलाच्या आजी होत्या आणि गुंड्याभाऊ हे नाव त्याला त्यांच्याकडूनच मिळाले होते. आम्ही जवळ जाऊन नमस्कार केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, याने माझ्यासाठी काढले हो. नाहीतर घरात मी हसते ती एकटीच हसते."

हे वाक्य आमच्या मनात घर करून बसले. विनोद चांगला होता की वाईट, हा प्रश्न तिथल्या तिथे मागे पडला. एकाच घरातल्या दोन पिढ्या एकाच चित्रापुढे उभ्या आहेत, एक हसते आहे आणि दुसरी गप्प आहे, असे का व्हावे? चित्रपट्टीत जुन्या गोष्टींचा संदर्भ आणावा की नाही, आणावा तर कसा, याचा विचार आपण सर्वांनी मिळून करावा म्हणून चार गोष्टी मांडत आहोत.

संदर्भ म्हणजे काय?

चित्रपट्टी वाचायला काही क्षणच लागतात. पहिल्या चौकटीत प्रसंग कळतो, मधल्या चौकटीत तो पुढे सरकतो आणि शेवटच्या चौकटीत टोला बसतो. एवढ्या थोड्या जागेत पात्राची ओळख करून द्यायला सवड नसते. म्हणून चित्रकार वाचकाच्या डोक्यात आधीपासून असलेली एखादी ओळख उसनी घेतो. काळी गोल टोपी, आखूड मिशी आणि वेताची काठी काढली की चार्ली चॅप्लिन, हे लिहावे लागत नाही. खांद्यावर प्रेत घेऊन अंधारात चालणारा राजा काढला की विक्रम आणि वेताळ. यालाच आम्ही संदर्भ म्हणतो. वाचकाच्या आठवणीत कोणीतरी आधीच मांडून ठेवलेले सामान चित्रकार फुकटात वापरतो, असे म्हटले तरी चालेल.

अडचण एकच. वाचकाच्या आठवणीत ते सामान नसेल, तर चित्रकाराचा हात रिकामाच परत येतो. आमच्या विद्यार्थ्याचे नेमके हेच झाले. चि. वि. जोशी यांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी मराठीला दिली त्याला आता खूप वर्षे झाली. चिमणराव साधेभोळे, बिचकणारे कारकून, तर गुंड्याभाऊ धिप्पाड आणि कोणत्याही कामात बेधडक उडी घेणारे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर त्यांची मालिका आली. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. महाराष्ट्रात ती घरोघरी पोचली, पण मुंबई दूरदर्शन त्या काळी ग्वाल्हेरला दिसत नसे. आपल्याकडे ही मंडळी आली ती पुस्तकांतून आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडून. आजींना ती ठाऊक आहेत, नववीच्या वर्गाला नाहीत.

मग जुने आणावेच कशाला?

कोणी म्हणेल, मुलांना आजचे जे माहीत आहे तेच वापरावे. हा सल्ला वरवर शहाणपणाचा वाटतो, पण त्यातही खोट आहे. साठच्या दशकापासून अमूल लोण्याच्या फलकांवरची ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी त्या त्या आठवड्यातल्या घडामोडींवर, नव्या सिनेमांवर, क्रिकेटवर कोट्या करत आली आहे. फलक लागतो तेव्हा रस्त्यावरचा प्रत्येक माणूस हसतो. तोच फलक वीस वर्षांनी पुस्तकात पाहिला, तर खाली टीप लागते की अमुक साली अमुक खेळाडूने असे असे केले होते. ताजा संदर्भ ताज्या भाजीसारखा असतो, आज गोड आणि परवा शिळा.

जुन्या संदर्भाचे तसे नसते. तो इतकी वर्षे टिकला म्हणजे काळाच्या चाळणीतून खाली पडून गेला नाही, एवढे तर ठरलेच. याचे सर्वांत मोठे उदाहरण तर आपल्या शेजारचे आहे. 'शोले' १९७५ साली आला. आमच्या शाळेतल्या किती मुलांनी तो सलग बसून पाहिला असेल, याची आम्हाला शंकाच आहे. पण खडकावर फेऱ्या मारणारा, हातात पट्टा घेतलेला माणूस काढा, पहिलीतले मूलही म्हणेल, "गब्बर!" सिनेमा न पाहता गब्बर ओळखीचा झाला, कारण तो जाहिरातींत आला, नकलांत आला, स्नेहसंमेलनांत आला. पडद्यावर गब्बर झालेल्या अमजद खान यांनी त्याच वेषात बिस्किटांची जाहिरात केली आणि लोकांनी खलनायकाच्या हातची बिस्किटे आनंदाने घेतली. गंमत पाहा, गब्बर नावाचा खरा दरोडेखोर आपल्या भिंड जिल्ह्यातला. तो १९५९ साली पोलिसांशी झालेल्या चकमकीत मारला गेला. चंबळच्या आसपासच्या ज्या घरांनी त्या काळची भीती सोसली, त्यांच्या नातवंडांना आज त्याच नावाचे हसू येते. भीतीचे हसू व्हायला मधे पुष्कळ वर्षे आणि एक चांगली कथा लागते.

म्हणजे जुना संदर्भ चालतो. पण प्रत्येक जुना संदर्भ चालत नाही. कोणता चालतो आणि कोणता अडखळतो, ते पाहू.

दार बंद करणारा विनोद

इथे आम्ही आमचीच एक गोष्ट सांगतो. आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. घरी मराठी बोलत असू, पण वाचायला 'लोटपोट', 'चंपक' आणि मोठ्यांचे 'धर्मयुग'. 'धर्मयुग' आले की आधी आबिद सुरतींचे 'ढब्बूजी' शोधायचे आणि मग बाकीचा अंक, हा आमचा क्रम. एका दिवाळीत आम्ही पुण्याला मामांकडे गेलो. मामेभावंडे दिवाळी अंकातली व्यंगचित्रे पाहत बसली होती. एका चित्रात चष्मा लावलेला, काखेत पुस्तकांचा गठ्ठा घेतलेला मुलगा होता. एकजण म्हणाला, "अरे, हा तर सखाराम गटणे!" सगळी खोली हसली. आम्हीही हसलो, पण क्षणभर उशिरा. मामेबहिणीने विचारले, "कळले ना रे?" आम्ही म्हटले, "कळले की!" काहीही कळले नव्हते.

पुढे बऱ्याच दिवसांनी 'व्यक्ती आणि वल्ली' हाती आले. पु. लं.चा तो पुस्तकी भाषा बोलणारा गटणे भेटला, आणि आम्ही ग्वाल्हेरच्या आमच्या खोलीत एकटेच हसलो. त्या हसण्यात आनंद होता, पण सोबत कोणी नव्हते. विनोदाने माणसे जवळ येतात हे खरे. पण ज्याला संदर्भ कळत नाही, त्याला तोच विनोद दाराबाहेर उभा करतो, हेही तितकेच खरे. आणि बाहेर उभा राहिलेला माणूस बहुधा खोटे हसतो. पालकांनी हे लक्षात ठेवावे. मूल हसले म्हणजे त्याला कळलेच, असे नसते.

मोठमोठ्या कलावंतांच्या कामालाही हा नियम चुकलेला नाही. जयवंत दळवी 'ठणठणपाळ' या नावाने 'ललित' मासिकात साहित्यिकांची थट्टा करत आणि सोबत वसंत सरवटे यांची चित्रे असत. त्या काळचे लेखक ओळखणाऱ्याला ती मेजवानी होती. आज ती चित्रे पाहताना रेषेची ताकद डोळ्यांत भरते, पण ज्याची थट्टा केली तो लेखकच ठाऊक नसेल तर अर्धी गंमत हातून निसटते. यात सरवट्यांचा दोष नाही. त्यांनी त्यांच्या वाचकांसाठी काढले होते. मात्र तुम्ही भित्तिपत्रकासाठी काढता, तेव्हा तुमच्या वाचकांत पाचवीचे मूलही आहे आणि पंचाहत्तरीच्या आजीही आहेत.

न कळूनही हसू येते, ते का?

आता दुसरी बाजू पाहा. अमेरिकेत चार्ल्स शुल्झ यांची 'पीनट्स' ही चित्रपट्टी १९५० पासून २००० पर्यंत चालली. तिच्यात स्नूपी नावाचा कुत्रा आहे. साठच्या दशकात तो आपल्या लाकडी घराच्या छपरावर बसून स्वतःला पहिल्या महायुद्धातला वैमानिक समजू लागला आणि 'रेड बॅरन' या शत्रूशी लढू लागला. हा रेड बॅरन खराच होऊन गेला. रिश्टोफेन नावाचा तो जर्मन वैमानिक १९१८ साली लढाईत मारला गेला. म्हणजे संदर्भ तेव्हाच जवळजवळ पन्नास वर्षांचा जुना होता. ती चित्रपट्टी वाचणाऱ्या किती मुलांना त्याचे नाव ठाऊक असेल? तरी जगभरची मुले हसली, कारण छपरावर गॉगल लावून बसलेला, आपण आकाशात आहोत अशी खात्री असलेला कुत्रा पाहायला कोणताही इतिहास लागत नाही. ज्याला इतिहास ठाऊक आहे, तो थोडा जास्त हसतो, एवढेच.

आपल्याकडे प्राण यांचे चाचा चौधरी पाहा. प्राण यांचा जन्म १९३८ सालचा, लाहोरजवळच्या कसूरचा. फाळणीनंतर त्यांचे कुटुंब ग्वाल्हेरला आले, ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला 'लोटपोट'मध्ये आलेल्या या लाल पागोट्याच्या म्हाताऱ्याची ख्याती अशी की त्याचे डोके संगणकापेक्षा जलद चालते. त्या काळी संगणक म्हणजे खोली भरून राहणारे अजब यंत्र, सामान्य माणसाने न पाहिलेले. त्यामुळे ही बढाई केवढी मोठी वाटे! आज संगणक प्रत्येकाच्या खिशात आहे, तेव्हा बढाईची ती धार उरली नाही. पण चाचा चौधरी अजून वाचले जातात. सहा फुटी गुंडाला काठीच्या टोकाने आणि शांत डोक्याने चीत करणारा म्हातारा हा मूळ विनोद संगणकावर उभा नव्हताच.

या दोन्ही उदाहरणांतून एकच गोष्ट निघते आणि विद्यार्थ्यांनी तीच वहीत लिहून घ्यावी: संदर्भ ही फोडणी आहे, वरण नव्हे. आधी वरण शिजले पाहिजे. संदर्भ माहीत नसलेल्यालाही हसू यावे आणि माहीत असलेल्याला त्याहून जास्त यावे.

संदर्भ मुळीच नसला तरीही उत्तम चित्रे होतात, हेही सांगायला हवे. शि. द. फडणीस यांचे ते बसथांब्यावरचे चित्र आठवा: शेजारी शेजारी उभ्या तरुण-तरुणींपैकी एकाच्या कपड्यांवर मांजरे आणि दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदीर. एकही शब्द नाही, एकही नाव नाही. सत्तर वर्षांपूर्वी लोक हसले तसेच आज हसतात आणि मराठी न येणाराही हसतो. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' १९९१ साली पुण्याच्या 'सकाळ'मध्ये सुरू झाला. आई, बाबा, अभ्यास, शेजारच्या काकू, गल्लीतले मित्र, एवढ्या सामानावर तो वर्षानुवर्षे चालला. नवशिक्याने सुरुवात अशी घरातून करावी आणि जुने पाहुणे नंतर बोलवावेत.

नळाची चित्रपट्टी पुन्हा

पालकसभेनंतर आम्ही त्या विद्यार्थ्याला बोलावले. तो म्हणाला, "सर, गुंड्याभाऊ काढून टाकतो आणि त्यांच्या जागी एखादा सुपरहीरो टाकतो." आम्ही म्हटले, "नाही. गुंड्याभाऊंचे फक्त नाव घेतलेस, त्यांना बोलावलेस कुठे? पाहुण्याला दारातच उभे केलेस. त्याला घरात घे आणि काम करू दे."

दोन दिवसांनी नवी चित्रपट्टी आली. पहिल्या चौकटीत नळ गळतो आहे आणि बारीक अंगाचे, टोपीवाले चिमणराव चिमटीत पाना धरून घाबरत घाबरत उभे आहेत. दुसरीत बाह्या सरसावत धिप्पाड गुंड्याभाऊ येतात, "व्हा बाजूला!" तिसरीत सबंध नळ गुंड्याभाऊंच्या मुठीत आहे, भिंतीतून पाण्याचा फवारा थेट छताला लागला आहे, चिमणराव छत्री उघडून उभे आहेत आणि गुंड्याभाऊ विजयी मुद्रेने म्हणतात, "घ्या! आता हा नळ गळणार नाही."

या वेळी भित्तिपत्रकासमोर हशा पिकला. आणि त्यानंतर जे झाले ते आम्हाला अधिक मोलाचे वाटते. सहावीतली एक मुलगी हसता हसता थांबली आणि तिने विचारले, "पण हे गुंड्याभाऊ कोण?" चित्रकाराने सांगायला सुरुवात केली. अर्धे सांगून झाल्यावर त्याला पुढचे येईना. म्हणाला, "थांब, आजीला विचारून उद्या सांगतो." आधी हसू, मग प्रश्न, आणि प्रश्नाचे उत्तर घरातल्या वडीलधाऱ्या माणसाकडे. पहिल्या चित्रपट्टीत हा क्रम उलटा होता. आधी उत्तर ठाऊक असेल तरच हसायची परवानगी होती.

आपल्या दोन पेट्या

गोरखीतून बाहेर पडून बाड्यावर उभे राहिले की कानावर मराठीपेक्षा हिंदीच जास्त पडते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. आपण ग्वाल्हेरकर मराठी माणसे आठवणींच्या दोन पेट्या घेऊन वाढतो. एकीत गब्बर, चाचा चौधरी आणि ढब्बूजी, तर दुसरीत चिमणराव, गटणे आणि 'चांदोबा'तला वेताळ. पुण्या-मुंबईच्या मुलाकडे सहसा एकच पेटी असते. आपल्या मुलांनी दोन्ही उघडाव्यात. गब्बरसमोर चिमणराव हिशेबाची वही घेऊन उभे आहेत, अशी चित्रपट्टी कोणाला सुचली, तर ती आपल्याच गावातल्या मुलाला सुचेल.

याखेरीज गावाची म्हणून एक तिसरी पेटी आहेच. दोन फुटी रुळांवरून ग्वाल्हेर ते श्योपूर असे सुमारे दोनशे किलोमीटर रमतगमत जाणारी आपली छोटी रेल्वे २०२० साली बंद झाली. आजची पाचवीतली मुले तिच्यात कधी बसणार नाहीत. पण गृहपाठ छोट्या रेल्वेच्या वेगाने चालला आहे, असे चित्र कोणी काढले, तर डब्याच्या छपरापर्यंत भरलेली ती इवलीशी गाडी पाहून मूलही हसेल, आणि आजोबा तर त्या गाडीची कथा जेवण गार होईपर्यंत सांगतील. जयविलास महालात जेवणाच्या टेबलावरून फिरणारी चांदीची आगगाडी आहे. शाळेच्या सहलीत ती सर्वांनी पाहिली आहे. डबा खाण्याच्या सुटीत अशी गाडी आमच्या वर्गात आली तर? बघा, कोणाला काही सुचते का.

विनंती

विद्यार्थ्यांना विनंती अशी, की पुढच्या अंकासाठी तीन किंवा चार चौकटींची चित्रपट्टी काढावी आणि तिच्यात घरातल्या मोठ्या माणसाकडून मिळालेला एक तरी जुना संदर्भ असावा. देण्याआधी ती दोन जणांना दाखवावी, एक संदर्भ माहीत असलेला आणि एक माहीत नसलेला. दुसरा हसला नाही तर पुन्हा काढावी. हीच परीक्षा, वेगळे गुण नाहीत.

पालकांना विनंती अशी, की मुलाने "हे कोण?" असे विचारले तर "तुला नाही कळायचे" हे उत्तर देऊ नये. आम्हाला त्या दिवाळीत कोणी दोन वाक्यांत गटणे समजावून सांगितला असता, तर तो पुढे एकट्याने भेटला नसता. आणि मुले आजच्या एखाद्या कार्टूनवर हसत असतील तर आपणही विचारावे, "हे कोण?" दार दोन्ही बाजूंनी उघडते.

विश्वस्त मंडळींकडे आमचे मागणे मोठे नाही. ग्रंथालयात एक कपाट मोकळे करून द्यावे. अनेक घरांच्या माळ्यावर जुने दिवाळी अंक, 'चांदोबा', 'किशोर', इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ, 'लोटपोट' पडून आहेत आणि एखाद्या दिवाळीच्या सफाईत ते रद्दीत जाणार आहेत. ते शाळेत यावेत. मुलांनी ते तिथेच बसून वाचावेत, पाने थोडी फाटली तरी चालतील.

त्या आजींना आम्ही परवा पुन्हा भेटलो. चित्रपट्टीची एक प्रत त्यांनी घरी देवघराशेजारच्या भिंतीला लावली आहे. म्हणाल्या, "आता धाकटीही विचारते, गुंड्याभाऊ पुढे काय करतात म्हणून. मला आठवत नाही तिथे मी आपले बनवून सांगते." आम्ही म्हटले, "सांगा की. फक्त उद्या ती चित्र काढून आणेल, तेव्हा तुम्ही काय बनवून सांगितले होते ते लक्षात असू द्या!"